पत्र्याचा रोख

धाकट्या जावयाचा हिशेब साधा होता. दर रविवार सासऱ्यांच्या नावाने सोडायचा, आणि म्हाताऱ्याचे डोळे मिटले की घरामागची शेड पदरात पाडून घ्यायची.

शेड म्हणजे नुसत्या चार भिंती आणि छप्पर नव्हे. आत पत्रा वाकवायचं हातयंत्र होतं, वेल्डिंगचा सेट होता, माणसाच्या खांद्याला लागेल एवढी आर्गन वायूची टाकी होती. भिंतीवर कात्र्या आणि हातोड्या शाळेतल्या पोरांसारख्या उंचीप्रमाणे उभ्या होत्या. शिवाय एक भलीमोठी खिडकी, तिच्यातून दिवसभर एकसारखा उजेड यायचा. सासरे जन्मभर दुसऱ्यांच्या कारखान्यात पोटासाठी पत्रा वाकवत आले होते. निवृत्त झाल्यावर तोच पत्रा ते हौसेने वाकवू लागले. त्यांच्या वयाचे लोक नातवंडं खेळवतात, हे ॲल्युमिनियम खेळवायचे. होड्या, पेट्या, कंदील, एकदा तर पंखांच्या बिजागऱ्या हलणारं हातभर विमान. करायचं, चार दिवस बघायचं आणि कुणाला तरी देऊन टाकायचं.

जावई वीजबिलांच्या तक्रारींच्या खिडकीवर बसायचा. दिवसभर लोकांच्या शिव्या सभ्य भाषेत लिहून घ्यायच्या आणि संध्याकाळी भाड्याच्या दोन खोल्यांत परतायचं. त्या दोन खोल्यांत माणसं मावत होती, हौस मावत नव्हती. ती जिन्याखाली उभी होती: भंगारातून उचललेली एक जुनी मोटरसायकल, पेट्रोलची टाकी गंजून चाळण झालेली. नवी टाकी ॲल्युमिनियमची करायची, स्वतःच्या हाताने, आणि मग त्या गाडीवरून ऑफिसला जायचं, हे त्याचं स्वप्न. स्वप्न लहान होतं, पण त्याला जागा मोठी लागत होती.

अडचण एकच, साडूची. मोठा जावई दूरच्या शहरात राहायचा, सणासुदीलासुद्धा फोनवरच उगवायचा आणि शेडला ‘ते भंगार’ म्हणायचा. पण भंगारावर हक्क सांगायला त्याला कुणी बंदी केली नव्हती. म्हातारा काही न बोलता गेला असता तर यंत्रं वजनावर गेली असती आणि शेडमध्ये साडूची मोटार उभी राहिली असती. म्हणून सासऱ्यांच्या तोंडून, दोन्ही मुलींच्या देखत, एक वाक्य यायला हवं होतं: शेड धाकट्याची. त्या एका वाक्यासाठी जावई शिष्य झाला.

बायकोला त्याने यातलं काही सांगितलं नाही. तिला सगळे ‘धाकटी’च म्हणत, माहेरी आणि आता सासरीही. पूर्वी तिला बापाकडे जायचं म्हणजे नवऱ्याची मनधरणी करावी लागे. दोन-तीन महिन्यांतून एकदा तो कबूल व्हायचा आणि परत येईपर्यंत घड्याळ बघायचा. आता रविवारी सकाळी हाच पायांत बूट चढवून दारात उभा! ती बहिणीला फोनवर सांगायची, “अगं, ह्यांना बाबांचा लळा लागलाय.” पलीकडून बहीण हसायची. ते हसू जरा जास्त वेळ चालायचं, पण जावयाने ते कधी मनावर घेतलं नाही.

सासऱ्यांचं शिकवणं पद्धतशीर होतं. “आखणी माझी, वाक तुमचा,” असा पहिल्याच दिवशी करार झाला. जावई येण्याआधी सासरे पत्रा मापात कापून, घासून, जिथे वाकवायचा तिथे बाकाची रेघ पेन्सिलीने मारून ठेवायचे. सुईने ओरखडा काढून रेघ मारायची नाही, तिथून पत्रा फुटतो, हेही त्यांनी सांगितलं. घासलेला पत्रा असा चकचकायचा की तोंड बघून भांग पाडावा. जावयाने तो यंत्राच्या जबड्यात सरकवायचा, रेघ धारेला लावायची, जबडा आवळायचा आणि दोन्ही हातांनी दांडा उचलायचा. पत्रा वाकायचा. जावयाची छाती फुगायची. मग सासरे तो तुकडा हातात घेऊन बाकाच्या बाहेरच्या अंगावरून अंगठा फिरवायचे.

“जावईबापू, हसला.”

बाकाच्या पाठीवर केसासारखी भेग उमटलेली असायची. जुनी चप्पल पुढून हसते तसा पत्रा हसायचा.

“पण बाबा, मी तर हळू उचलला.”

“हळू उचललात हो. पण मनात घाई होती. पत्र्याला कळतं ते.”

पुढच्या रविवारी तो आणखी हळू उचलायचा.

“हसला. आज दोन्ही हातांचा जोर सारखा नव्हता. उजवा हात जरा आगाऊ आहे तुमचा.”

त्याच्या पुढच्या वेळी श्वास चुकला, मग उभं राहणं चुकलं, मग नजर. अधूनमधून सासरे स्वतः यंत्राशी यायचे, बाजूचा एक तुकडा घ्यायचे आणि गप्पा मारता मारता दांडा वर करायचे. बाक असा निघायचा, कोरा करकरीत.

“बघा. हाच पत्रा. ह्याच दुकानातला.”

“तुमच्या हातात जादू आहे, बाबा.”

“जादू नाही हो. हात आहे.”

बोलण्याचा रोख सरळ होता: आमच्याकडे हात आहे, तुमच्याकडे नाही.

वेल्डिंग मात्र त्यांनी हातचं काही राखून न ठेवता शिकवलं. ॲल्युमिनियमचा ब्रश वेगळा, त्याने चुकूनही लोखंड घासायचं नाही. जोडाच्या दोन्ही कडा आधी पुसायच्या, मग ब्रशने उजळायच्या, मग बोटसुद्धा लावायचं नाही. काळ्या काचेतून बघत राहायचं, कडेला पाऱ्यासारखं चकाकतं थेंबभर तळं तयार झालं की जोडात भर घालणारी फिलरची कांडी टेकवायची आणि पुढे सरकायचं.

“लोखंड बरं,” सासरे सांगायचे. “रागावायच्या आधी लाल होतं. ह्याचं तसं नाही. रंग बदलत नाही, काही नाही, गप्प गप्प असतं आणि एकदम पायावर सांडतं. तुमच्या सासूबाई अशाच होत्या.”

स्वयंपाकघरातून धाकटी ओरडायची, “बाबा, आईला मध्ये आणू नका!”

“आणत नाही बाई. ती आपली आपण यायची.”

जावई हसायचा. खरं सांगायचं तर आता तो हिशेबापुरता हसत नव्हता. कांडीच्या टोकाशी ते तळं सरकायला लागलं की त्याला ऑफिसची खिडकी आठवत नसे. त्याचा जोड उत्तम यायचा, एकावर एक नाणी कलंडून ठेवावीत तसा. पण जोडायचं काय? बाकच धड नाही तर टाकी कसली? मग हसलेले तुकडे तो भेगेवरून वेल्ड करायचा आणि त्याचं काहीतरी करून घरी न्यायचा. घरात ॲल्युमिनियमचा सुळसुळाट झाला. चमच्यांचा ट्रे, साबणाचा ट्रे, ट्रे ठेवायचा ट्रे. धाकटी म्हणायची, “आता माझ्यासाठी एक कवचच करा, म्हणजे झालं.”

असं दुसरं वर्ष सरत आलं. टाकीचा तळ, बाजू, पाठ, काहीही एका अंगाने पुरं झालं नव्हतं. जावयाने दिव्याखाली आपले हात बघायला सुरुवात केली. ऑफिसात चहाचा कप सांडला की तो पुटपुटायचा, “हातच नाही आपल्याला.” कुणाच्या घरी खिळा ठोकायचा असेल तर “दुसऱ्याला सांगा” म्हणायचा. सासऱ्यांची मर्जी मात्र वाढत होती. मोठ्या मुलीच्या फोनवर त्यांनी एकदा म्हटलंही, “शेडचं काय ते मी ठरवीन. माणूस तयार होऊ दे.” जावयाच्या कानांनी ते वाक्य चाखून बघितलं. निम्मं तरी हाती आलं होतं. आता फक्त तयार व्हायचं होतं.

एका शनिवारी धाकटीने बापाची औषधं दिली. “त्यांची संपलीत. आजच बाजारात जाता जाता देऊन या.”

सासरे शेडमध्ये होते, पाठमोरे. पुढ्यात नवा पत्रा होता आणि ते खरखरीत कापडाने तो गोल गोल घासत होते. निम्मा घासून झाला होता. घासलेली बाजू नेहमीसारखी चकचकीत. उरलेल्या बाजूवर मात्र खिडकीच्या उजेडात बारीक रेघा दिसत होत्या, सगळ्या एकाच दिशेने, ओल्या केसांतून फणी फिरवल्यासारख्या.

“बाबा, औषधं.”

सासरे दचकले. दचकले आणि हातातलं कापड त्यांनी उघड्या अर्ध्या पत्र्यावर टाकलं. त्यांना असं दचकताना जावयाने कधी पाहिलं नव्हतं. तापलेल्या तळ्याशी हात स्थिर ठेवणारा माणूस.

“आज कसे?”

“धाकटीने पाठवलं.”

“ठेवा तिथे. आणि निघा, जावईबापू, उशीर होईल तुम्हाला.”

उशीर कशाला होणार होता, हे त्यांनी सांगितलं नाही.

घरी धाकटी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. जावई तिच्यासमोर बसला आणि सहज बोलावं तसं म्हणाला, “अगं, नव्या पत्र्यावर त्या बारीक रेघा कसल्या असतात?”

“रोख तो,” ती चादरीची टोकं जुळवत म्हणाली. “कारखान्यात पत्रा लाटतात ना, ज्या बाजूने लाटला त्या बाजूचा रोख. बाक नेहमी रोखाला आडवा घ्यायचा. रोखाच्या बाजूने घेतला की पाठीवर फुटतो. आम्ही दोघी लहान असताना बाबा पत्रा उजेडात धरायला लावायचे आणि विचारायचे, सांगा पोरींनो, रोख…”

तिचा हात थांबला. चादरीचं एक टोक खाली पडलं.

जावई उठला, स्वयंपाकघरात गेला आणि चमच्यांचा ट्रे घेऊन आला. ट्रेच्या पाठीवरची वेल्ड केलेली भेग त्याने अंगठ्याने चाचपली. पत्रा कापलेला कुणी, रेघ मारलेली कुणी, घासून कोरा केलेला कुणी. ‘आखणी माझी, वाक तुमचा.’

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“मला वाटलं, कळेल तुम्हाला.”

“कधी?”

“आधी वाटलं पुढच्या रविवारी. मग…” ती चादर उचलून छातीशी धरून बसली. “मग वाटलं, नाही कळलं तर बरं.”

“आणि तुझी बहीण? ती पण ह्याच्यावरच हसायची वाटतं फोनवर?”

तिने मान खाली घातली. म्हणजे साडूलाही माहीत असणार. साऱ्या गोतावळ्यात पत्र्याचा रोख न कळणारा एकच माणूस होता, आणि तोच यंत्राशी उभा होता.

“दोन वर्षं,” तो म्हणाला. “दोन वर्षं मी माझ्या हातांना शिव्या देतोय. तू समोर बसून ऐकत होतीस.”

“आणि तुम्ही शिकला असतात तर?” धाकटी एकदम बोलली. आवाज चढला नव्हता, पण धार आली होती. “महिन्यात टाकी झाली असती. गाडी रस्त्यावर, आणि तुम्ही बाबांचं तोंड पुन्हा बघितलं असतं? मला बापाकडे जाऊ देताना तुमचं तोंड कसं व्हायचं, ते मी विसरलेय असं वाटतं का तुम्हाला? तुमची टाकी होत नव्हती म्हणून मला माहेर होतं. बाबांना माणूस होतं. तुमचं काय नुकसान होत होतं? शेडसाठीच जात होतात ना?”

 आपला हिशेब आपल्याच खिशात आहे असं जावई समजत होता. घरातल्या सगळ्यांनी तो कधीच वाचून पुन्हा घडी घालून ठेवला होता.

“उद्या त्यांना काही बोलू नका,” ती म्हणाली. “निदान माझं नाव घेऊ नका. तेवढं माझ्यासाठी करा.”

तो ट्रे घेऊन उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन चमचे पुन्हा त्यात लावू लागला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, शेडमध्ये नेहमीसारखी आखलेली पट्टी यंत्रापाशी तयार होती. जावयाने ती बाजूला सारली. कोपऱ्यातल्या नव्या पत्र्यांतला एक उपसला, खिडकीशी नेऊन तिरपा धरला आणि रेघा दिसेपर्यंत हलवला. सासरे स्टुलावर बसून बघत होते. जावयाने रोखाला आडवी रेघ मारली, तुकडा कापला, जबड्यात दिला आणि दांडा उचलला. मुद्दाम घाईने, उजव्या हाताचा जोर जास्त लावून, श्वासाचं काहीही न सांभाळता.

बाक कोरा करकरीत निघाला.

त्याने तो सासऱ्यांच्या मांडीवर ठेवला. म्हाताऱ्याने सवयीने पाठीवरून अंगठा फिरवला. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत.

“चांगला आहे,” ते म्हणाले. “कुणी सांगितलं?”

इथे जावयाला पुष्कळ काही म्हणता आलं असतं. दुकानदाराने सांगितलं, पुस्तकात वाचलं, माझं मलाच कळलं. शेवटचं तर त्याला फार शोभलं असतं. पण दोन वर्षं हातांना दिलेल्या शिव्या त्याला आठवत होत्या आणि म्हाताऱ्याला कुठे लागेल ते त्याला आत्ता नेमकं दिसत होतं.

“तुमच्या धाकटीने,” तो म्हणाला.

म्हाताऱ्याचा चेहरा काही बदलला नाही. रंग नाही, काही नाही.

“तिने,” ते म्हणाले. “बरं.”

“तुम्ही मला फसवलंत, बाबा.”

“तुम्ही शेडसाठी येत होतात.”

“येत होतो. पण मन लावून येत होतो.”

“ते दिसत होतं. म्हणूनच शिकवलं नाही. मन लावणारा माणूस शिकला की जातो.” त्यांनी मांडीवरचा तुकडा उचलून जावयाच्या हातात दिला. “वेल्डिंग काही उगीच शिकवलं नव्हतं. जरा दम काढला असतात तर बाकही दिला असता.”

“कधी? मेल्यावर?”

“मेल्यावर कशाला, आत्ताच देतो. शेड पाहिजे ना? शेड घर सोडून येत नाही. आतलं सगळं घेऊन जा.”

जावयाला वाटलं, रागाचं बोलणं आहे, निवेल. पण म्हाताऱ्याचा शब्द यंत्रासारखा होता, आवळला की आवळला. तो आठवडा सरायच्या आत एक टेम्पो दोन खोल्यांच्या दाराशी येऊन उभा राहिला. यंत्र, सेट, कात्र्या, हातोड्या, उरलेले पत्रे, वेल्डिंगचा मुखवटासुद्धा. आर्गनची टाकी घरमालकाने जिना चढू दिली नाही. “हे काय आगीचं घेऊन आलात? घर आहे का कारखाना?” टाकी आली तशी परत गेली. यंत्र खोलून त्याचे तुकडे करता आले असते, पण जोडायला पुन्हा जागा कुठे होती? ते दोन खोल्यांच्या मधल्या बोळात अख्खंच बसवावं लागलं.

जावयाने एकदा टाकीची बाजू वाकवून बघितली. पत्रा लांब होता, पलीकडचं टोक धरायला माणूस हवं होतं.

“अगं, जरा इकडे धर.”

“मला रोख कळत नाही,” धाकटी आतून म्हणाली.

त्याने टोक खुर्चीवर टेकवलं आणि एकट्याने वाकवलं. बाक सुरेख आला. तो तुकडा हातात धरून जावई बोळात उभा राहिला. ‘हसला’ म्हणायला कुणी नव्हतं, नाही हसला म्हणायलाही कुणी नव्हतं. वेल्डिंगला वायू नव्हता. तो तुकडा पलंगाखाली गेला. मग यंत्राच्या दांड्यावर एक दिवस ओला टॉवेल पडला, नंतर बाकीचे कपडे.

रविवारी धाकटी एकटी बापाकडे जाऊ लागली. आता नवऱ्याने तोंड वाकडं केलं नाही, तेवढा हक्क त्याने गमावला होता. पहिल्या वेळी म्हाताऱ्याने दार अर्धंच उघडलं.

“कशाला आलीस? अजून काही सांगायचं राहिलंय का त्यांना?”

“बाबा, चुकून तोंडातून गेलं.”

“सगळं चुकूनच जातं.”

तरी ती आत गेली, भांडी घासली, औषधांच्या पट्ट्या लावून ठेवल्या. म्हातारा रिकाम्या शेडमध्ये स्टूल टाकून खिडकीकडे तोंड करून बसला होता. ती दाराशी उभी राहिली, तर त्यांनी वळून बघितलं नाही. पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली, त्याच्या पुढच्याही. दार अर्धंच उघडायचं आणि ती अंग चोरून आत शिरायची. घरी येऊन बोळातून जाताना पुन्हा तेच, अंग चोरणं. यंत्राचा कोपरा बरोबर तिच्या कमरेच्या उंचीला यायचा.

एकदा ती साडी बदलत असताना जावयाने ते पाहिलं. कमरेच्या वर हाताएवढा डाग, मधोमध काळा-निळा, कडेने पिवळा पडत चाललेला. जुन्यावर नवा.

“हे कधी लागलं?”

“रोज लागतं,” ती म्हणाली आणि पदर ओढून घेतला.

तर जावयाला यंत्र मिळालं आणि हातही मिळाला, निम्मं त्याने मागितलेलं, निम्मं न मागता. सासऱ्यांची फसवणूक उघडी पडली, पण शेवटचा शब्द त्यांचाच राहिला, आणि त्या वयात माणूस तेवढ्यावर बसून राहू शकतो. साडूला फुकटात रिकामी शेड मिळायची आहे, त्याने फक्त फोन केले होते. जिने कुणाकडून काहीच मागितलं नव्हतं, एक रविवार सोडला तर, तिने दोघांच्याही हिशेबाची किंमत भरली, आणि अजून भरते आहे.